हृदयाच्या पाटावरची अक्का

शामण्णा नाव विचारायच्या आधी माणसाचं मनगट धरत. बंगळुरात नोकरीला रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझंही धरलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "शहाण्णव. पुण्याचा ना? बस स्वल्प. इथं कुणी मारत नाही."

साठ सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही दोघे एका वैद्यकीय कॉलेजात शिकवत होतो. शामण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे आपण मराठीतून कन्नडमध्ये कधी गेलो हे त्यांनाही कळत नसे. बसवनगुडीहून सायकलने येत. चढ लागला की भर रस्त्यात उतरून स्वतःची नाडी मोजत. मागचा टांगेवाला ओरडला तर त्याचीही मोजत.

त्यांना वेड होतं ॲडिनोसिनचं, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या एका द्रव्याचं. गिनीपिगच्या हृदयाचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगला की तो तासन्‌तास धडधडतो आणि त्याला जोडलेली काडी काजळी लावलेल्या फिरत्या कागदावर रेघ काढते. ॲड्रेनालिन घातलं की रेघ उसळते. आधी ॲडिनोसिन घातलेलं असलं, तर तेवढ्याच ॲड्रेनालिनने ती जेमतेम निम्मी उसळते.

"ॲड्रेनालिन म्हणजे चोर आला, साप आला म्हणत घरात घुसलेला शेजारी," शामण्णा समजावत. "ॲडिनोसिन ही थोरली अक्का. सरी, सरी, कळलं, आधी पाणी पी, म्हणते. पण अक्केला बसायला हृदयावर कुठंतरी पाट मांडलेला असणार. तो मला हवाय."

हा पाट कुणी पाहिलेला नव्हता. प्रिन्सिपॉलसाहेबांना तर हसू यायचं. शेवटी त्यांनी बजावलं, शनिवारी समोर करून दाखवा, नाहीतर टेबल रिकामं करा. शामण्णांची बारा वर्षं त्या टेबलावर गेली होती.

शनिवारी साहेब येऊन उभे राहिले. ॲडिनोसिन घातलं, मग ॲड्रेनालिन. रेघ पुरती उसळली. तीनदा केलं, तीनदा तेच.

माझं लक्ष ॲडिनोसिनच्या बाटलीकडे गेलं. आदल्या दिवशी कॉफीचं डिकॉक्शन ठेवायला भांडं नव्हतं, म्हणून मी ते प्रयोगशाळेतल्या तपकिरी बाटलीत ठेवलं होतं. सकाळी घाईघाईत त्याच बाटलीत ॲडिनोसिनचं द्रावण भरलं, तळाशी उरलेल्या कॉफीसकट. तपकिरी काचेतून रंग कुठला दिसायला.

शामण्णांनी बाटली नाकाशी नेली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "द्रावण मी केलं होतं, सर. माझीच चूक."

टेबल गेलं. सोमवारी मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं.

"वासानंच कळलं की रे," ते म्हणाले. "अक्केच्या पाटावर कॉफी जाऊन बसली होती. पाट आहे म्हणून बसली ना? आता मला शंका नाही."

"मग साहेबांना का नाही सांगितलंत?"

"तुला लागून चार महिने झाले. त्यांनी तुला परत पाठवलं असतं."

ते कागद गुंडाळत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कॉफी इथं नको करूस. संध्याकाळी घरी येत जा. फिल्टर दोघांच्या मापाचा आहे, रोज एक पेला मोरीत ओततो."

चार महिने मी त्यांच्या शेजारी बसत होतो. त्यांच्या घरी कोण असतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.