वड्याच्या जागी चॉकलेट

किसनला बोर्डावर फोटो हवा होता. चाकणच्या त्याच्या कंपनीत चांगली सुधारणा सुचवणाऱ्या कामगाराचा फोटो गेटजवळच्या बोर्डावर लावायचे. शेजारच्या मशीनवरचा बुद्धरत्न तिथे झळकून आला होता आणि तेव्हापासून तो साधा स्पॅनर मागतानाही फोटोतल्यासारखा हसायचा.

अशात मुलीने, मिनलने, मोबाइलवरून वाचून दाखवलं की काळं चॉकलेट खाल्ल्याने हृदय धडधाकट राहतं आणि मेंदू तरतरीत होतो. किसनने लगेच सूचना लिहून पेटीत टाकली : चहाच्या सुट्टीत वडापाव मिळतो, त्याच्या जोडीला चॉकलेटचा तुकडाही द्यावा, म्हणजे मशीनवर डुलक्या येणार नाहीत.

नवे मॅनेजर दिग्विजय साहेब उकडलेल्या भाज्यांवर जगत. सूचना त्यांना फार आवडली. फक्त तेलकट वडापाव हृदयाला वाईट, म्हणून त्यांनी तो तेवढा बंद केला.

सोमवारी चहाबरोबर प्रत्येकाच्या हातावर पडला नखाएवढा काळा, कडूजहर तुकडा.

"किसनभाऊ, हे खायचंय का जखमेवर लावायचंय?" बुद्धरत्नने विचारलं.

कोणी हसलं नाही. कंपनीच्या बसमध्ये किसनची खिडकी गेली. तो कासारवाडीपर्यंत उभा राहून गेला. जेवणाच्या सुट्टीत जो तो नुकसानभरपाई म्हणून त्याच्या डब्यातला घास उचलू लागला. बायकोने, कस्तुराने, भाकऱ्या वाढवल्या, तसे हातही वाढले. शेवटी त्याच्या वाट्याला लोणच्याची फोड उरली. तेव्हा तो साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि सूचना मागे घेतो म्हणाला.

"मागे कशी घेता, किसनराव? लाइनवर एकही माणूस पेंगत नाही आता. चॉकलेटची कमाल आहे."

"चॉकलेटची कसली साहेब? पोरं उपाशी हायेत. भुकेल्या माणसाला झोप लागत न्हाई."

साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी किसनचा हात हातात घेतला आणि ते म्हणाले, एवढा खोल विचार या कारखान्यात आजवर कोणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून कँटीनच्या जेवणातला भात बंद झाला. गेटजवळ किसनचा फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'एकाच महिन्यात दोन उत्तम सूचना'.

बुद्धरत्न फोटोसमोर बराच वेळ उभा राहिला. मग किसनच्या खांद्यावर हात टाकून हळूच म्हणाला, "भावा, तिसरी नको देऊस. आता नुसता चहा उरलाय."