समोरच्या अंगणातील वृक्षनिवडीबाबत

अकोल्यात मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला, तेव्हा निवृत्त मुख्य लिपिक खुशालराव यांच्या घरासमोर सावली नाही, ही बाब निदर्शनास आली. निदर्शनास आणून दिली त्यांच्या पत्नी गोदाबाईंनी. घर पश्चिमेला तोंड करून. दुपारी तीननंतर ओटा तव्यासारखा तापायचा, आणि त्या उन्हाळ्यात गोदाबाईंना दोनदा भोवळ आली होती.

"अहो, समोर एक झाड लावून टाका. सावली पडन, फुलंबी दिसतीन."

"कोनतं?" खुशालरावांनी विचारलं, आणि प्रकरण सुरू झालं.

छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही निर्णय एकट्यानं घेतला नव्हता. म्हणूनच त्यांच्यावर कधी ठपका आला नव्हता. त्यांनी खड्डा खणून घेतला आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना लावली: सावली व फुले देणाऱ्या एका झाडाच्या निवडीबाबत हरकती पंधरा दिवसांच्या आत कळवाव्यात.

हरकती त्याच संध्याकाळी आल्या. गुलमोहराची फांदी वादळात मोडते, आणि खाली शेजारच्या गजेंद्रची नवी गाडी उभी असते. शिवाय गुलमोहर मूळचा परदेशी, तेव्हा तो आपल्या दारात कितपत योग्य, असा प्रश्न निवृत्त शिक्षक शेषरावांनी उपस्थित केला.

"मिरचीबी बाहेरूनच आली म्हनतात," गोदाबाई आतून म्हणाल्या. "उद्यापासून वांग्याची भाजी बिनतिखटाची करू काय?"

ही हरकत लेखी नसल्यानं विचारात घेतली गेली नाही.

पळस अस्सल इथला, पण त्याला फुलं येतात तेव्हा पानं नसतात; म्हणजे दोन्ही अटींची एकाच वेळी पूर्तता नाही. बहाव्याच्या शेंगा डोक्यात पडण्याचा संभव. बकुळीला वाढायला वेळ लागतो, आणि अर्जदाराचं वय अडुसष्ट. समोरच्या घरातली मुलगी प्राजक्ता हिचं म्हणणं निराळंच होतं.

"काका, फुलं जांभळी पायजेत. तुमची भिंत पिवळी हाय न, रील मस्त येते."

मग तिघांची समिती नेमली गेली: गजेंद्र, शेषराव आणि प्राजक्ता. अकोल्याच्या उन्हात कोणतं झाड टिकेल, याचा अभ्यास करायला समिती थंड हवेच्या चिखलदऱ्याला गेली आणि तीन दिवस राहिली. अहवालात नमूद केलं होतं की, तेथील हवेत झाडाची निकड जाणवली नाही. सबब प्रथम अकोल्याच्या हवामानात सुधारणा व्हावी.

अशात दोन पावसाळे गेले. कोण्या पाखरानं टाकलेल्या निंबोळीतून त्या खड्ड्यात एक निंब उगवला. त्याला कोणाची मंजुरी नव्हती. गोदाबाई त्याला तांदूळ धुतलेलं पाणी घालत राहिल्या आणि बघता बघता तो त्यांच्या डोक्याच्या वर गेला. एका दुपारी त्यांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. परातीएवढी सावली त्यांच्या पायांवर पडली.

"या, पाहा न. पाय गार होऊन राह्यले," त्या हसून म्हणाल्या.

खुशालराव जवळ गेले. त्यांनीही एक पाय सावलीत ठेवला. बायको अशी हसलेली त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

पण रविवारी समिती जमली. निवड प्रक्रिया चालू असताना निवडीच्याच जागेवर झाड उगवणं हे अतिक्रमण आहे, असं शेषराव म्हणाले. त्याची फुलं मोबाइलात दिसतसुद्धा नाहीत, असं प्राजक्ता म्हणाली. गजेंद्रनं पानगळीचा मुद्दा मांडला. ठराव झाला.

"वाढून राह्यलं न ते? काहून काढता?" गोदाबाईंचा आवाज चढला.

"काढत नाही वो. पुनर्वसन करून राह्यलो," खुशालराव खाली पाहत म्हणाले.

पेन हातात घेऊन ते क्षणभर थांबले. तो पाय अजून गार वाटत होता. पण वर तीन सह्या होत्या. तीन सह्यांखाली सही न करण्याचा त्यांना अनुभव नव्हता.

निंब उपटून कॉलनीच्या टोकाला विजेच्या डीपीशेजारी लावला गेला. चौथ्या दिवशी त्याची पानं गळली. पाचव्या दिवशी पुनर्वसन यशस्वी झाल्याची नोंद झाली.

पुढच्याच आठवड्यात रिकाम्या खड्ड्यात शेषरावांचा पाय मुरगळला. म्हणून अंतिम निवड होईपर्यंत खड्डा बुजवून तिथं सिमेंटचे ठोकळे बसवले, आणि सावलीची तात्पुरती सोय म्हणून वर टिनाचा पत्रा. पत्र्याला प्राजक्तानं जांभळी प्लास्टिकची फुलं लटकवली. रील खरोखरच मस्त आली.

त्या पत्र्याखाली गोदाबाई दुपारी दहा मिनिटं बसल्या. मग उठल्या, तोंडावर पाणी मारलं, पिशवी भरली आणि बाळापूरच्या भावाकडे निघाल्या.

"झाड लागलं की फोन करा," दारातून त्या म्हणाल्या.

तेव्हापासून खुशालराव स्वतः चहा करतात आणि भेटेल त्याला ही हकिगत सांगतात. ऐकणारा पोट धरून हसतो, समितीला नावं ठेवतो आणि शेवटी म्हणतो, "चुकलंच तुमचं, भाऊ. तो निंबच ठेवाचा होता."

तुम्हीही आत्ता तेच म्हणालात. खुशालराव वाद घालत नाहीत. ते फक्त विचारतात, "तुमच्या दारात कोनतं हाय?"

"आमचं चालू हाय," तुम्ही खिशातला मोबाइल काढत म्हणता. "जरा ग्रुपवर विचारून राह्यलो. तुमाले कोनतं बरं वाटते?"