रुमालाखालच्या भाषेची मुलाखत

विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात जागा मागायला रुमालाखालची भाषा मुलाखतीला गेली. सोबत मी गेलो.

तिला आवाज नाही. हळदीच्या पेठेत दोन व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटं दाबत आणि भाव ठरवत, तीच ही. सौदे संगणकावर गेले तशी ती माझ्या दुकानाच्या माडीवर राहायला आली. तिच्याशी बोलणारा आता मी एकटा. इथं जागा मिळाली नाही तर ती माझ्याबरोबरच संपणार होती.

अभ्यासक्रम परभाषा, परदेशी रीतीभाती आणि व्यापार असा तिन्हींचा मिळून होता. तो आखणाऱ्या डॉ. केतकी रिसबूड मधे बसल्या होत्या. जर्मन आणि जपानी या भाषांना आधीच जागा मिळाली होती. त्या दोघी बाजूला.

"परक्या माणसाशी जमेल का हिचं?" रिसबूडबाईंनी विचारलं.

मी रुमाल टाकून तिचा हात धरला. मग सांगितलं, "म्हणते, कानडी, गुजराती, मारवाडी, सगळे माझ्या हाताखालून गेले. रुसून कुणी गेला नाही."

"अण्णा, हे ती म्हणते की तुम्ही?" बाईंनी मला विचारलं.

"मी इतकं गोड बोलत नाही."

जर्मन म्हणाली, "तोंडी परीक्षा दोन परीक्षकांसमोर व्हायला हवी. नियम आहे."

"रुमालाबाहेरच्याला कळलं तर सौदा मोडतो," मी म्हणालो. "उघड्यावर ती बोलणार नाही."

"मग अवघड आहे हो," रिसबूडबाई हळू आवाजात म्हणाल्या.

माझ्या हातातला तिचा हात गार पडला.

तेवढ्यात जपानी उठली. मला वाकून नमस्कार केला आणि माझ्या जागी आपला हात रुमालाखाली घातला. बराच वेळ तिथंच ठेवला. मग जर्मनला म्हणाली, "दुसऱ्या परीक्षक तुम्ही. या."

जर्मननं घड्याळ काढून ठेवलं आणि हात घातला. थोड्या वेळानं तिचे कान लाल झाले.

"नियमात बसतं," ती म्हणाली.

"कसं काय?" रिसबूडबाईंनी विचारलं.

"ते सांगता यायचं नाही."

बाईंनी इतिवृत्तात लिहिलं, 'जागा मंजूर. कारण रुमालाखाली.'

तिला वसतिगृहात खोली मिळाली. सामान काही नव्हतंच. मी रुमाल तिच्यापाशी ठेवला आणि निघालो.

परतताना एसटीत फार घाम आला. बाहीनं पुसला.