तीन बाजूंनी पूर्ण संरक्षण

आमच्या सोसायटीतल्या चार निवृत्त माणसांनी जंगलात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा सर्वांत आधी हजेरीपत्रक तयार करण्यात आलं. जंगल कॉम्प्युटरवरच्या खेळातलं होतं. हजेरीपत्रक खरं होतं.

खेळ असा. विमान पडतं, आपण जंगलात उरतो. लाकूड तोडायचं, शेकोटी पेटवायची, घर बांधायचं आणि अंधार पडला की झाडांमधून जे येतात त्यांच्यापासून वाचायचं. ते दिसायला माणसांसारखेच असतात, फक्त अंगावर कातडी कमी आणि हात जास्त. एकट्याने वाचणं कठीण, म्हणून चार-पाच जणांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून एकाच जंगलात उतरायची सोय आहे. कोणी पडला तर दुसऱ्याने एका मिनिटाच्या आत जाऊन हात द्यायचा, की तो उठतो. नाही दिला तर तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. शाळेतल्या मुलांना हे लगेच समजतं. आम्ही चौघांनी मिळून एकशे अडतीस वर्षं सरकारी नोकरी केलेली होती.

माझी बायको भानु हा खेळ खेळायची. आमची मुलगी किन्नरी कॅनडात, विनिपेगला असते. "मम्मी, फोनवर रोज तेच तेच काय बोलायचं? त्यापेक्षा जंगलात ये," असं तिने सांगितलं आणि दोघी तिथे भेटू लागल्या. किन्नरी एखाद्याच्या डोक्यात कुऱ्हाड घालता घालता विचारायची, कैरीच्या छुंद्याची बरणी किती दिवस उन्हात ठेवायची. भानु दुसऱ्याला भाल्याने अडवून सांगायची, "साखर विरघळेपर्यंत गं. दिवस कसले मोजतेस?" झाडांतून येणाऱ्यांना ती पाहुणे म्हणायची. न कळवता येतात आणि खाल्ल्याशिवाय जात नाहीत.

तळ्याकाठी तिने साठ ओंडक्यांची झोपडी बांधली होती. दाराला शिंपल्यांचं तोरण. समोर हिंचका, म्हणजे झोपाळा, करायला घेतला होता. या खेळात काही बांधायला घेतलं की आधी त्याची पांढरी आकृती उभी राहते आणि आपण ओंडके घालू तशी ती भरत जाते. हिंचक्याला तीन ओंडके कमी होते, तेव्हा तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

चैत्रात ती गेली. त्यानंतर किन्नरीने त्या जंगलात पाऊल ठेवलं नाही आणि मीही तिला विचारलं नाही. वैशाखात भानुच्या लॅपटॉपवर खेळाच्या कंपनीचं पत्र आलं. आपल्या जगात बरेच दिवस कोणी आढळलेलं नाही. तीस दिवसांत किमान एका खेळाडूने एक पूर्ण दिवस व रात्र जिवंत राहून दाखवावं, अन्यथा हे जग काढून टाकण्यात येईल. पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी दरवर्षी देतो. पण तो बँकेत द्यायचा असतो आणि तिथे कोणी खात नाही.

आठवडाभर मी एकट्याने प्रयत्न केला. अंधार पडल्यावर जास्तीत जास्त चार मिनिटं जगलो. मग तीन नंबर ब्लॉकमधल्या लाभुबेनकडे गेलो. त्या निवृत्त शिक्षिका. भानुबरोबर त्या खेळत असत.

"एवढंच ना, जशुभाई?" लाभुबेन म्हणाल्या. "दोघं पुरे. मी कुऱ्हाड चालवते, तुम्ही शेकोटीत लाकूड घालत राहा. दिवस-रात्र मिळून चाळीस मिनिटं. थर्मासमधला चहा गरम असेपर्यंत परत."

गोष्ट इथेच संपली असती. पण मी ती संध्याकाळी बाकड्यावर बोललो, आणि बाकड्यावर प्रद्युम्नभाई अंतानी बसले होते.

प्रद्युम्नभाई म्हणजे माजी उपसचिव. निवृत्तीनंतर ते आमच्या लिफ्ट समितीचे अध्यक्ष होते, पण दुर्दैवाने लिफ्ट दुरुस्त झाली. तेव्हापासून त्यांना करमत नव्हतं.

"दोघंच?" त्यांनी विचारलं. "मग निर्णय कोण घेणार?"

"कसला निर्णय, भाई? पाहुणा आला की कुऱ्हाड घालायची."

"तेच म्हणतो मी. कोण घालणार, कोणाच्या आदेशाने, आणि उद्या भलत्यालाच लागली तर जबाबदार कोण?"

दुसऱ्या दिवशी समिती स्थापन झाली. प्रद्युम्नभाई अध्यक्ष. निवृत्त लेखापरीक्षक उषाकांत भावसार कोठारप्रमुख. पाणीपुरवठा खात्यात मी तीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली, म्हणून मी मंत्री, म्हणजे चिटणीस. लाभुबेनना खेळता येत होतं, त्यामुळे त्यांना पद देण्याची गरज भासली नाही.

दुपारी तीनला सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही चार लॅपटॉप घेऊन बसलो. आमच्याकडे प्रत्येक घरात परदेशी गेलेल्या मुलाचा एक जुना लॅपटॉप असतोच. मध्ये खाखऱ्यांचा डबा ठेवला आणि आम्ही जंगलात उतरलो. लाभुबेन लगेच झाड तोडू लागल्या.

"थांबा बेन!" अध्यक्ष म्हणाले. "वृक्षतोडीचा अर्ज?"

"कोणाकडे करू अर्ज? माकडांकडे?"

"माझ्याकडे."

त्यांनी अर्ज केला. अध्यक्षांनी तो विचारार्थ ठेवला. मग भावसारांनी मुद्दा काढला की चार जणांकडे चार कुऱ्हाडी मोकळ्या असणं धोक्याचं आहे. कुऱ्हाडी कोठारात जमा झाल्या. हव्या असल्यास मागणीपत्र भरायचं, त्यात कारण आणि परत करण्याची अंदाजे वेळ लिहायची. अंधार पडला. पहिला पाहुणा आला तेव्हा लाभुबेन मागणीपत्राच्या तिसऱ्या रकान्यात होत्या.

"अरे, मी पडलेय! हात द्या कोणीतरी, मिनिट आहे!"

मी निघालो. अध्यक्षांनी अडवलं. "मरणाचं कारण नोंदवल्याशिवाय उठवता येणार नाही. उद्या चौकशी झाली तर आपण काय दाखवायचं?"

"कारण मी सांगते ना! तो माझा पाय खातोय, हे कारण!"

"बेन, मृत सदस्याला सभेत बोलता येत नाही."

लाभुबेन खऱ्या खुर्चीत, माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. त्यांनी खाखरा मोडला आणि म्हणाल्या, "मेल्यावर तरी बोलू द्या. जिवंतपणी कुठे ऐकलंत?"

त्या रात्री आम्ही चौघेही खाल्ले गेलो. चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की नियमांची संख्या अपुरी आहे.

मग ती वाढवण्यात आली. शेकोटीला एक जबाबदार व्यक्ती नेमली, म्हणून ती झोपल्यावर शेकोटी विझू लागली. झाडांवर सूचना लावली, की आत येण्यापूर्वी कार्यालयात नोंद करावी. पाहुण्यांनी ती वाचली नसावी. एक गोष्ट मी रोज पाहत होतो आणि इतिवृत्तात लिहीत नव्हतो. पाहुणे सभा घेत नसत. एक समोरून ओरडायचा, दोघे मागून यायचे, आणि त्यांच्यातला एखादा पडला तर बाकीचे त्याला ताबडतोब ओढून झाडीत न्यायचे, कारण न विचारता.

दर दोन दिवसांनी मरता मरता मुदतीचा सव्विसावा दिवस उजाडला. तेव्हा अध्यक्षांनी मुख्य योजना मांडली. चारही बाजूंनी लाकडी कुंपण.

इथे आमच्या खात्याची एक पद्धत सांगणं भाग आहे. इतिवृत्त सभेच्या आधी लिहायचं असतं. मग सभेत माणसं मोकळेपणाने बोलतात, कारण त्याने काही फरक पडत नाही. शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय', आणि तिच्यापुढे 'सर्वानुमते मंजूर' लिहून खाली सगळ्यांच्या सह्या आधीच घेतलेल्या असतात. तीस वर्षांत माझ्या एकाही इतिवृत्तावर आक्षेप आला नव्हता.

"तीन बाजूंच्या कुंपणालाच सत्तावन्न ओंडके लागतात," भावसार म्हणाले. "कोठारात शून्य."

"जंगलात बसून लाकूड नाही म्हणता?" लाभुबेन म्हणाल्या. त्या दिवशी त्या दुपारपासूनच मृत होत्या.

"तोडीचा अर्ज विचाराधीन आहे," अध्यक्षांनी सांगितलं.

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग करा की विचार!"

"क्रमाने होईल, बेन." अध्यक्षांनी चष्मा पुसला. "मात्र तळ्याकाठी एक बांधकाम आहे. समितीच्या आधीचं. नकाशा मंजूर नाही. त्यात साठ ओंडके पडून आहेत."

"ते भानुचं घर आहे," मी म्हणालो.

"भानुबेनविषयी आदरच आहे. शोकसभेत मीच बोललो होतो. पण कागद आहे का काही?"

"भाई, त्या घरासाठीच तर हे जग वाचवायचंय. घर पाडून कोणतं जग वाचवणार?"

"ही भावना झाली. भावनेला इतिवृत्तात रकाना नाही."

"माझा विरोध आहे. लिहून घ्या."

"लिहून कोण घेणार? मंत्री तुम्हीच आहात."

मी वही उघडली. ऐनवेळच्या विषयापुढे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, सर्वानुमते मंजूर. खाली चार सह्या होत्या. पहिली माझी.

"खोडू नका हं," भावसार म्हणाले. "खाडाखोड म्हणजे गैरव्यवहार."

पान फाडायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं.

त्या दिवशी कोठार मागणीपत्राशिवाय उघडलं. दोन कुऱ्हाडी बाहेर आल्या. स्थापनेपासून समितीने केलेलं हे पहिलं काम, आणि ते सहा मिनिटांत झालं. शिंपल्यांचं तोरण पडल्याचा आवाजसुद्धा खेळात नीट केलेला आहे. झाडांच्या कडेला पाहुणे येऊन उभे राहिले होते. पुढे येत नव्हते, नुसते बघत होते.

"त्यांनाही कळेना," लाभुबेन म्हणाल्या, "आपलं काम हे लोक का करताहेत."

हिंचका पाडला नाही. पाडकामाचा नियम 'पूर्ण बांधकामांना' लागू होता आणि हिंचका अपूर्ण होता.

सत्ताविसाव्या दिवशी कुंपण तीन बाजूंनी पूर्ण झालं. चौथी बाजू पुढच्या टप्प्यात होती. अंधार पडण्याआधी तिघे आत जाऊन बसले. मी सूचना लावण्यासाठी बाहेर होतो. कुऱ्हाड माझ्याकडे नव्हती.

पाहुणे चौथ्या बाजूने आले. आतल्यांना पळायला तीन बाजूंनी जागा नव्हती. तिघेही पडले.

"जशुभाई!" प्रद्युम्नभाई हॉलमध्ये ओरडले. चष्मा नाकावर घसरला होता. "हात द्या! मिनिट आहे!"

"चौकशी चालू आहे, भाई," मी म्हणालो.

लाभुबेननी स्वतःसाठी हात मागितला नाही. हळूच म्हणाल्या, "हिंचक्याकडे जा. आणि तिथून हलू नका."

मी तळ्याकाठी गेलो. झोपडीच्या जागी साठातले उरलेले तीन ओंडके पडले होते. पहिला हिंचक्याच्या आकृतीत घातला. दुसरा घातला. तिसरा घातल्यावर पांढरी रेघ गेली आणि खरा हिंचका उभा राहिला. मी त्यावर बसलो. पाहुणे कुंपणात जेवत होते, त्यांना माझी गरज नव्हती. समोर तळं होतं. तिने जागा चांगली निवडली होती. अकरा मिनिटांनी उजाडलं आणि पडद्यावर अक्षरं आली: आपण जिवंत असल्याची नोंद झाली आहे.

समितीने या यशाचं श्रेय कुंपणाला दिलं. अध्यक्षांच्या भाषणातला 'तीन बाजूंनी पूर्ण संरक्षण' हा शब्दप्रयोग सर्वांना आवडला. मग भावसार उठले. त्यांच्या पाहणीत दोन बाबी आढळल्या होत्या. एक, तीन ओंडक्यांचा हिशेब लागत नाही. दोन, तळ्याकाठचा हिंचका काल रात्रीपासून पूर्ण आहे, म्हणजेच तो आता नियमाच्या कक्षेत येतो.

"सोमवारच्या सभेत घेऊ," अध्यक्ष म्हणाले. "जशुभाई, इतिवृत्त तयार ठेवा."

मी तयार ठेवलं. ऐनवेळच्या विषयापुढे लिहिलं: तळ्याकाठचा हिंचका कायम ठेवावा, त्याला कोणीही हात लावू नये, आणि ही समिती आजपासून विसर्जित करावी, सर्वानुमते मंजूर. मग वही घेऊन सह्यांना निघालो. प्रद्युम्नभाईंनी "तारीख बरोबर आहे ना?" एवढंच विचारून सही केली. भावसारांनी शिक्क्याची जागा तपासून केली.

लाभुबेननी मात्र चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. पूर्ण वाचलं. सही केली. वही परत देताना म्हणाल्या, "भानु म्हणायची, आमचे हे लिहितात सुंदर. वाचायला कधी शिकणार कोण जाणे."

ही लबाडी आहे, हे मला ठाऊक आहे. तुम्हालाही आहे, आणि तरी तुम्हाला बरं वाटलं. झोपडी पाडण्याचा ठराव झाला तेव्हाही कोणाला तरी असंच बरं वाटलं होतं, आणि वहीचं पान तेव्हाही असंच दिसत होतं. तुमची हरकत असेल तर सोमवारी तीन वाजता हॉलमध्ये जरूर या आणि बोला. मोकळेपणाने बोला. तुमची नोंद मी आधीच केली आहे: वाचक उपस्थित, सर्वानुमते.