गुंडेरावांचं फिरतं मेज

जपानला जाऊन आलेला माणूस काय सांगेल? आगगाडीचं सांगेल, भूकंपाचं सांगेल. आमचे शेजारी गुंडेराव चिनी हॉटेलांचं सांगायचे.

गुंडेराव रेशीम खात्यात होते. तुतीचा पाला, अळ्या आणि कोश यांतच जन्म चाललेला. खात्यानं त्यांना शिकायला जपानला धाडलं तेव्हा परभणीत आमच्या गल्लीचा भाव वाढला होता. परत आले त्या संध्याकाळी सगळे ओट्यावर जमले. कुणी काही विचारायच्या आत गुंडेराव म्हणाले, "आमच्या वसतिगृहाच्या वरल्या डोंगरावर चिन्यांची तीन हॉटेलं हायती."

आमचे हे म्हणाले, "गुंडेराव, एवढं जपानला गेलात अन् जेवलात चिन्याकडं?"

"तुमाला काय सांगावं. जपान्याच्या नितळ पाण्यासारख्या सारात सुद्धा मासा असतो."

आता ज्या घरात चातुर्मासात कांदा येत नाही, तिथं मासा कुठून चालणार? वसतिगृहात भात-मीठ खाऊन आठवडा जायचा. रविवारी तिथला सैपाक बंद, मग गुंडेराव बसनं वरच्या थंड हवेच्या गावी. तिथं धुकं असतं, पांढऱ्या खोडाची झाडं असतात, बड्या लोकांचे बंगले असतात. पण हे सगळं हॉटेलाच्या वाटेवर लागलं तेवढंच आम्हाला कळलं. पहिल्या हॉटेलात तेल फार. दुसऱ्यात भाषा येईना म्हणून त्यांनी कागदावर मासा काढला अन् त्यावर फुली मारली. "तर त्या बाबानं माशाचे चार तुकडे करून आणले की." तिसरं मात्र मनात बसलं. एका म्हातारा-म्हातारीचं होतं. कोबी, शेवया, पनीरासारखं काहीतरी पांढरं. आणि गोल मेज, त्याच्यावर दुसरं फिरणारं. भांडी मध्ये ठेवायची, पाहिजे ते फिरवून आपल्यापुढं आणायचं.

"वाढणारा माणूसच लागत न्हाई. तिथं इंतजामच तसा हाय."

हा इंतजाम पुढं आम्ही इतका ऐकला की तो डोंगर मला पाठ झाला. गंगाखेडच्या एका लग्नात वाढपी बुंदीची परात घेऊन आला, त्याला गुंडेरावांनी थांबवलं. "तू कशाला फिरायलास बाबा? मेज फिरलं पाहिजे." त्यानं ऐकून घेतलं आणि तसाच पुढं गेला. गुंडेराव बुंदीविना उठले.

मग त्यांनी मेज करायलाच घेतलं. चौरंगाएवढं उंच, खाली बसून जेवता येईल असं. सुतार गल्लीतलाच होता, बेअरिंग पूर्णेच्या भंगारवाल्याकडं मिळालं. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते, त्या आठवड्यात एसटी बंद. गुंडेराव पॅसेंजरनं गेले आणि ते लोखंड लेकरासारखं मांडीवर घेऊन आले.

पहिल्या जेवणाला आम्हा दोघांना बोलावणं. आमच्या ह्यांनी वरणासाठी असा हिसका दिला, की वरण त्यांच्यापुढं न थांबता माझ्या लुगड्यावर आलं.

"हळू, हळू," गुंडेराव म्हणाले. "बैल न्हाई हाकायचा." आणि सैपाकघराकडं बघून, "सुशीला, तू बी ये. बस."

सुशीला म्हणजे त्यांची बायको. ती दारात उभी राहूनच म्हणाली, "सगळ्यांनी खरकट्या हातानं फिरवलंय. मी कशी बसू?"

दुसऱ्या दिवसापासून नियम निघाला, मेज डाव्या हातानंच फिरवायचं. तर ती म्हणाली, "अन् भाकरी? ती कोण आणील तव्यावरची?"

इथं जपान आणि चीन दोघंही हरले. भात मेजावर राहतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते, आणि त्याला कुणीतरी तव्यापाशी पाहिजे. त्यातून गुंडेराव असे, की पापुद्र्यातून वाफ निघाली नाही तर भाकरी आत परत जायची. सासूबाई कधीच्या गेल्या होत्या, तरी सुशीला अजून सगळ्यांचं झाल्यावर, उभ्यानं, उरलंसुरलं खायची. वाळून काटकी झाली होती. डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितलं, तर ती हसून म्हणाली, "मी काय उपाशी हाय का?"

थोड्या दिवसांनी गुंडेरावांनी ओट्यावर जाहीर केलं, "मला आता गार भाकरीच आवडायली. जपानात सगळं गारच खातात." गल्ली पोट धरून हसली. मी भिंतीपलीकडून विचारलंच, "कालपर्यंत वाफ बघणारे तुम्ही, असं एकाएकी काय झालं?"

ते भिंतीजवळ येऊन म्हणाले, "अक्का, त्या तिसऱ्या हॉटेलात काय व्हायचं, सैपाक झाला की म्हातारी हात पुसून आमच्याच मेजाला येऊन बसायची. म्हातारा भांडं फिरवून तिच्यापुढं आणायचा. एवढंच. मी समोर बसून बघायचो."

मग लगेच ओट्याला ऐकू जाईल असं, "बाकी तिथं तेल बेताचं असायचं," म्हणाले आणि आत गेले.

पुढं एकदा भर दुपारी मी विरजणाला दही मागायला गेले. दार उघडंच होतं. टोपल्यात सकाळच्या कडक झालेल्या भाकरी. गुंडेराव तुकडा वरणात बुडवून मऊ व्हायची वाट बघत होते. समोर सुशीला बसली होती, म्हणजे एक गुडघा वर करून, उठायच्या बेतात. त्यांनी डाव्या हातानं मेज फिरवलं. शेंगदाण्याची चटणी तिच्यापुढं येऊन थांबली. तिनं घेतली नाही. गुंडेरावांनी मेजावरचा हात काढला नाही. मग तिनं चिमूटभर घेतली.

मला बघून ती लगबगीनं उठायला लागली. "या अक्का, बसा. ताट करते."

गुंडेरावांनी मान वर केली नाही. "तू बस. अक्का, ताटं मांडणीवर हायती. घेऊन या अन् बसा."

आमच्याकडं घरी आलेल्या बाईला कुणी असं सांगत नाही. मी मांडणीवरचं ताट घेतलं, वाटी घेतली. सुशीला माझ्या हातातल्या ताटाकडं बघत राहिली, आणि मग खाली बसली. नीट मांडी घालून.