इलाच्या बाहुलीचं डोकं

"ज्या हातानं तीस वर्षं लाकडी नंदीले डोळे देल्ले, त्या हाताले बाहुलीचं तोंड म्हंजे काय? तुझा चहा उकळेपर्यंत होते!"

श्रीधरराव हे वाक्य आर्वीतल्या आपल्या घराच्या ओसरीत बसून बोलले, तेव्हा ऐकायला फक्त त्यांची बायको होती आणि तिचा चहा उकळून, गाळूनही झाला होता. यशोदाबाईंनी कप पुढे ठेवला, नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आत गेल्या. श्रीधररावांना वाटलं, होकार मिळाला.

तसं त्यांच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान, दुसऱ्या दिवशी चाकांवरच्या लाकडी नंदींचा. लेकरं आपापले नंदी ओढत मारुतीच्या पारापर्यंत नेतात आणि सजावटीला बक्षिसं मिळतात. श्रीधरराव सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात, पण वॉर्डात त्यांना ओळखतात ते नंदीचे डोळे काढणारे म्हणून. त्यांचा नंदी असा काही रागानं पाहतो की, शेजारच्या आनंदाबाई सांगतात, तो घरात असेपर्यंत मांजर दुधाकडे फिरकत नाही.

आता बाहुलीचं सांगतो. इला ही श्रीधररावांची एकुलती एक मुलगी, वय तेवीस, नागपूरला नोकरी. तिनं दूरदेशीहून एक बाहुली मागवली. हातभर उंच, प्रत्येक सांध्यात गोल गोळी आणि आतून रबराची दोरी ओवलेली, त्यामुळे कोपर वाकवा, गुडघा वाकवा, माणसासारखी बसते. अशा बाहुल्या कोऱ्या चेहऱ्याच्या येतात आणि चेहरा मागाहून कोणी तरी हातानं रंगवतं, हे ती आईला हौसेनं सांगत होती. तेवढ्यात श्रीधरराव चार पाहुण्यांसमोर बोलून गेले, "तेवीस वर्षांची झाली, अन् बाहुल्या खेळून राह्यली." पाहुणे हसले. इला संध्याकाळच्या एसटीनं निघून गेली.

त्याला दीड महिना झाला होता. इलाचा फोन रोज यायचा, पण आईला. 'बाबांना सांग, गोळी वेळेवर घ्या,' एवढाच काय तो बापाच्या वाट्याला येणारा मजकूर. श्रीधररावांना हे फार लागलं होतं. कचेरीत 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' हे वाक्य त्यांनी हजारदा लिहिलं असेल. पण पोटच्या पोरीला 'माझं चुकलं' म्हणायचं तर जीभ टाळूला चिकटायची. म्हणून त्यांनी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. पोळ्याला इला घरी येईल, रंगवलेला चेहरा पाहील आणि आपण होऊन 'बाबा' म्हणेल. मधे अकरा दिवस होते.

इलानं इथेच ठेवलेलं बाहुलीचं खोकं कपाटावर होतं. उघडलं तर धड कापडात गुंडाळलेलं आणि डोकं वेगळ्या थैलीत. डोकं पूर्ण टकलं, मुठीएवढं, साईसारख्या रंगाचं. श्रीधररावांनी ते हातात फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोळ्यांच्या जागी नुसती दोन भोकं होती!

"डोळेच नाई देल्ले यानं. माल खराब आला," ते बायकोला म्हणाले.

"असू द्या, डोकंच तर आहे," यशोदाबाई म्हणाल्या आणि वाटाणे सोलत राहिल्या.

आता तीस वर्षं लाकडाशी संसार केलेला माणूस भोक दिसल्यावर काय करणार? भोक बुजवणार. श्रीधररावांनी सुताराची लांबी, म्हणजे पुट्टी, आणली, दोन्ही भोकं ठासून भरली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली आणि नंदीचा ऑइल पेंट घेऊन दोन डोळे काढले. मोठे, काळ्या कडांचे, कोपऱ्यात लाल रेघ दिलेले. ओठ कुंकवासारखे लाल केले. मग लांब धरून पाहिलं. बाहुली त्यांच्याकडे अशी बघत होती की आता शिंगं मारते की काय!

तरी त्यांनी धीर सोडला नसता. पण तिसऱ्या दिवशी खोक्याच्या तळाशी कापसात ठेवलेली एक डबी निघाली. डबीत काचेचे दोन डोळे होते, घारे, ओलसर दिसणारे, फारच सुंदर. डोळे आतून बसवायचे असतात आणि भोकं त्यासाठीच ठेवलेली असतात, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

लांबी एव्हाना दगड झाली होती. ती कंपासच्या टोकानं कोरता कोरता डाव्या पापणीचा टवका उडाला. श्रीधररावांनी तो टवका शोधायला ओसरी दोनदा झाडली. सापडली ती आनंदाबाईंच्या नातीची, अंजूची, हरवलेली टिकली.

मग रंग काढायचा प्रश्न. पेंटच्या दुकानातला प्रेमदास म्हणजे सल्ल्याला कधी नाही न म्हणणारा माणूस. त्यानं विचारलंसुद्धा नाही की वस्तू कशाची आहे. "थिनर मारा साहेब," तो म्हणाला, "आत्मा सोडून समदं निघते." श्रीधररावांनी थिनर मारलं. रंग निघाला, पण गेला कुठे? ओठांचा लाल विरघळला आणि सगळ्या चेहऱ्यात मुरला. पुसावं तसा आणखी पसरे. बाहुलीला आत्ताच कोणी थोबाडीत दिली आहे असं दिसायला लागलं.

लाल मुरला तर वरचा थर घासून काढावा, हाही सुताराचाच हिशेब. श्रीधररावांनी पॉलिश पेपर घेतला आणि रविवारची सगळी दुपार चेहरा घासला. डाग फिका झाला खरा. पण चेहऱ्यावर नाक सगळ्यात उंच, त्यामुळे घासण्यात सगळ्यात आधी तेच गेलं. हात थांबवून त्यांनी पाहिलं तर गालापासून गालापर्यंत सपाट मैदान. त्या दिवशी ते जेवले नाहीत. यशोदाबाईंनी विचारलं तर पोटाचं निमित्त सांगितलं.

सोमवारी कचेरीत त्यांनी आलेली टपालं गेलेल्यांच्या रजिस्टरात चढवली. डोळ्यांपुढे सारखी इला दिसत होती, तीन वर्षांची, त्यांच्या मांडीवर बसून नंदीच्या शिंगाला बेगड चिकटवणारी. त्या वेळी तिला बाबांचा हात म्हणजे जादू वाटायचा. आता तोच हात तिची वस्तू अशी करून बसला होता. आपण बापच नालायक आहोत, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

तरी नाक हवंच होतं. नळाच्या जोडाला लावतात तो दोन रंगांचा मसाला त्यांनी मळला आणि नवं नाक बसवलं. राखाडी रंगाचं, वर जरा बाक आलेलं. यशोदाबाई हळद दळायला द्यायला निघाल्या होत्या, त्या थबकल्या. "हे तं भागीरथाबाईचं नाक झालं," त्या म्हणाल्या. भागीरथाबाई म्हणजे श्रीधररावांची थोरली बहीण. तिचं नाक कसं आहे ते मी सांगत नाही, पण तिचं लग्न जमायला सहा वर्षं लागली होती.

इतकं झाल्यावर श्रीधररावांनी मोबाईलवर शिकवणारे व्हिडिओ पाहिले. हे आधी करायचं असतं, हे तुम्हाला-मला कळतं! त्यात एक मुलगी हळू आवाजात सांगत होती की आधी मॅट स्प्रेचा थर द्यायचा, मग रंगीत खडूची पूड मऊ ब्रशनं गालावर लावायची, भुवईचा एकेक केस वेगळा काढायचा, आणि नवख्यानं दुसऱ्या कशावर तरी भरपूर सराव करायचा. ढगाळ हवेत स्प्रे मारू नये, हेही ती सांगत होती, पण ते व्हिडिओच्या शेवटी होतं. श्रीधररावांनी प्रेमदासकडून स्प्रे आणला आणि श्रावणातल्या झडीत ओसरीवर उभं राहून मारला. चेहरा पांढरा फटक पडला. पिठात पडलेल्या भागीरथाबाई!

राहिला सराव. सरावाला घरात दुसरं काय होतं? अंजूचा नंदी. तो दरवर्षीप्रमाणे डोळे काढायला येऊन पडला होता. श्रीधररावांनी त्याच्यावर हात बसवायला घेतला. गालांना गुलाबी पूड, पापण्यांचे केस एकेक करून, भुवया नाजूक, ओठांना किंचित चमक. नंदीवर हात चांगलाच बसला. हे पुसून उद्या खरे डोळे काढू, असं ठरवून ते कचेरीत गेले. परत येऊन पाहतात तर नंदी नाही. आनंदाबाई नेऊन झूल चढवायला बसल्या होत्या, आणि त्यांच्या चष्म्याची काच गेल्या दिवाळीपासून तडकलेली आहे. परत मागायचा तर बाहुलीचंही सांगावं लागलं असतं, म्हणून श्रीधररावांनी तो तसाच राहू दिला.

पोळ्याला इलाला सुट्टी मिळाली नाही. ती तान्ह्या पोळ्याच्या दिवशी दुपारी येणार होती. श्रीधरराव सकाळपासून थैलीतलं डोकं काढत होते आणि परत ठेवत होते. चारला पारावर जाणं भाग होतं, कारण न गेले असते तर तीस वर्षांत त्यांचा चुकलेला हा पहिला तान्हा पोळा ठरला असता.

पारावर काय झालं ते थोडक्यात सांगतो. सगळे नंदी रागानं पाहत ओळीत उभे होते, आणि मधोमध अंजूचा नंदी पापण्या झुकवून, लाजून उभा होता. परीक्षकांनी त्याला चार वेळा फिरून पाहिलं. आपसात बोलले. मग माईकवरून एक नवाच गट आणि त्यातला पहिला नंबर जाहीर झाला. अंजू खूश होती, तिला ताट-वाटी मिळाली. आनंदाबाईंनी मात्र प्रमाणपत्र श्रीधररावांच्या हातात कोंबलं. "श्रीधर, तीस वर्सांत माह्या घरून असा नंदी कधी गेला नाई," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

घरी आले तर ओसरीत इला बसली होती. मांडीवर बाहुलीचं धड होतं आणि शेजारी आई. श्रीधररावांनी प्रमाणपत्राची सुरळी पाठीमागे लपवली. आता पळायला जागा नव्हती. ते आत गेले, ते डोकं रुमालात गुंडाळून आणलं आणि मुलीच्या समोर ठेवलं.

"इला, माह्याकडून चुकलं," ते म्हणाले. "हेही चुकलं, अन् त्या दिवशी पाहुण्यासमोर बोललो, थेही चुकलं."

हे कसं निघालं तोंडातून, त्यांचं त्यांना कळलं नाही. इलानं रुमाल उघडला. पांढरा चेहरा, एक पापणी तुटलेली, गालांवर लालसर डाग, मधे राखाडी नाक. तिनं ते उजेडाकडे धरून फिरवलं. श्रीधररावांना वाटलं, आता ही उठेल आणि पुन्हा एसटी धरेल.

"बाबा," इला म्हणाली. जवळजवळ दोन महिन्यांनंतरचा पहिला शब्द! "आत्याचं नाक काऊन लावलं हो?"

आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तरी थांबेना. मग पिशवीतून तिनं दुसरी थैली काढली. "बाहुलीचं डोकं मी त्याच वेळी नागपूरले नेलं होतं. तिथं एक ताई रंगवते. हे जास्तीचं आलतं, सोबत, डोळ्यायसगट. आई म्हणाली, तुह्या बाबाले राहवणार नाई. म्हणून हे तुमच्यासाठी ठेवून गेलती."

श्रीधरराव बायकोकडे वळले. अकरा दिवस! लांबी, थिनर, पॉलिश पेपर, उपास, सगळं हिनं वाटाणे सोलत पाहिलं होतं. "तुले माहीत होतं, तं सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं तं तुम्ही खरं डोकं शोधाले नागपूरले गेले असते," यशोदाबाई म्हणाल्या.

इलानं खरं डोकं त्यांच्या तळहातावर ठेवलं. भुवईचा केस न् केस वेगळा होता, गालावर ऊन लागल्यासारखी हलकी लाली, आणि चेहरा असा की आत्ता काहीतरी बोलेल आणि मग विचार बदलेल. श्रीधररावांनी चष्मा काढून पुसला. चांगलं काम ओळखायला त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. मग चष्मा नाकावर सरकवला. "फक्त ही डावी भुवई जराशी..."

इलानं डोकं काढून घेतलं आणि थैलीची नाडी ओढली. यशोदाबाईंनी ती थैली उचलली आणि ज्वारीच्या कोठीत, अगदी तळाशी नेऊन ठेवली. मग बापलेक ओसरीत बसून चहा प्यायले, आणि इलाची नजर त्या पाठीमागच्या सुरळीवर गेली.

"बाबा, अंजूच्या नंदीचं काय झालं?"

"पहिला नंबर आला."

"कशात?"

श्रीधररावांनी चहाचा घोट घेतला, बाहेर पाऊस लागला आहे का ते पाहिलं आणि शेवटी म्हणाले, "गाईत."