धुराचा निरोप

मंगळवारी सकाळी साडेदहाला डोंगरापलीकडच्या वणव्याचा धूर आमच्या हवा कचेरीत आला आणि मुक्कामाची नोंद करून घ्या म्हणाला. आवक खिडकीवर मीच होतो. मी नाव, गाव आणि येण्याचं कारण विचारलं. त्याने देवदार, जंगल आणि आग असं सांगितलं. कागद चोख होते, म्हणून शिक्का मारला.

आमचं रेतनगर वाळवंटात, डोंगरांच्या वाटीत वसलेलं आहे. रात्री जमीन गारठते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि खाली आलेला पाहुणा खालीच राहतो. दुपारी ऊन ते झाकण उचलतं, तेव्हा पश्चिमेचा वारा त्याला न्यायला येतो. धूर वागायला सभ्य होता. पण सभ्य धूरही छातीत जातोच. माझी मोठी बहीण आक्का दमेकरी. बुधवारपासून ती दोन शब्द बोलून थांबायची, मग पुढचे दोन. चाळीस वर्षं जिच्या बडबडीला मी वैतागलो, तिचं ते थांबणं ऐकून माझा जीव खालीवर व्हायचा.

बुधवारी दुपारी वारा आला. धूर जावक खिडकीशी गेला आणि नमस्कार करून म्हणाला, "बरं, येतो."

"येतो असेल तर शेजारची खिडकी," जावकचे मुळगावकर म्हणाले.

धूर माझ्याकडे आला. नियमाप्रमाणे मला पुन्हा नोंद करावी लागली आणि तोवर वारा निघून गेला. गुरुवारीही हेच झालं. शुक्रवारी धुराने "निघतो" म्हणून पाहिलं. मुळगावकरांनी ते 'विचाराधीन'मध्ये टाकलं.

"अहो, निरोप घेताना सगळेच येतो म्हणतात," मी म्हणालो.

"घरी म्हणतात. नोंदवहीत 'जातो' लागतं."

"मग एकदा जातो म्हणा की," मी धुराला विनवलं.

तो कानकोंडा झाला. "असं अभद्र कसं बोलू? जातो म्हणणारा परत येत नाही. आमच्या जंगलात कधी कोणी म्हटलं नाही."

मला त्याचा राग आला आणि, लपवत नाही, दयाही आली.

शनिवारी डॉक्टर म्हणाले, आक्काला आणखी एक दिवस झेपणार नाही. येतो-जातोचा घोळ मी तिला आधीच सांगितला होता. डॉक्टरांचं ऐकून आक्का ओला पदर नाकाला लावून रिक्षाने थेट कचेरीत आली. वारा दाराबाहेर ताटकळत होता.

"तूच का... तो?" तिने धुराला विचारलं.

"हो, आक्का."

"तुला परत... यायचंय कुठे?"

"जंगलात," धूर म्हणाला. "पण जंगल म्हणजे तर आता मीच."

"मग परत... कशाला येतोस? जिथे जाशील... तिथे पड. काहीतरी... उगवेल."

धुराने तिला वाकून नमस्कार केला. मग तो जावक खिडकीशी गेला आणि स्पष्ट म्हणाला, "जातो."

मुळगावकरांनी शिक्का मारला. तीन वाजून दहा मिनिटांनी वारा त्याला घेऊन गेला. खिडकीतून डोंगर दिसू लागला. हवेतला धूर मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा तीनशेदहावरून चाळीसवर उतरला. मी दोनदा चष्मा पुसून पाहिला आणि तिथेच खुर्चीत बसून रडलो.

मग आम्ही घरी निघालो. रिक्षात आक्काने तोंड उघडलं. "चार दिवस तो मेला येतो येतो म्हणतोय आणि तू आपला शिक्के मारत बसतोस, लाज नाही वाटत, सद्या, नोकरी लागली म्हणून अक्कल गहाण टाकलीस का, आणि सोमवारी दोडकी आणायला सांगितली होती ती कुठे आहेत?"

मधे ती एकदाही थांबली नाही. मी रिक्षावाल्याला लांबच्या रस्त्याने घ्यायला सांगितलं.